सागवानाची आगबोट: 'असाये'चा नमुना कसा करायचा आणि तिची गोष्ट कशी सांगायची

आमचा तालुका दर्यापूर. नावात दर्या आहे, पण खरा दर्या पाहायचा तर मूर्तिजापूरहून रात्रभर गाडीत बसावं लागतं. मी सुतार. पस्तीस वर्षं चौकटी, दारं, दिवाण, तिफणी आणि वखर करत आलो. नात सातवीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला वाफेवर चालणारं जहाज हवं होतं. थर्माकोलचं करू म्हणाली. मी म्हटलं, घरात सागवानाचे तुकडे पडले असताना थर्माकोल कशाला? त्या एका बोटीनंतर मी आणखी चार केल्या, वेगवेगळ्या गावच्या शाळांना दिल्या. ज्यांना स्वतः करायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लाकडाचं काम थोडंफार येणारा कुणीही पंधरा-वीस दिवसांत, संध्याकाळी दोन-दोन तास देऊन, ही करू शकतो.

कोणती आगबोट करायची ते आधी ठरवा. नुसती 'एक जुनी आगबोट' केली की पोरं दोन मिनिटं बघतात आणि पुढं जातात. मी 'असाये' केली. ही 1854 साली मुंबईच्या गोदीत बांधलेली. त्याच साली तिची जोडीदार 'पंजाब'ही तिथंच पाण्यात उतरली. दोन्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातल्या, दोन्ही सागवानी, दोन्हींच्या पोटात वाफेचं इंजिन आणि दोन्ही कुशींना मोठाली चाकं. कर्सेटजी रुस्तमजी वाडिया तेव्हा गोदीचे मुख्य बांधणारे होते. वाडियांचं घराणं मूळचं सुरतेचं. लवजी नसरवानजी 1736 मध्ये मुंबईला आले आणि पुढं शंभरावर वर्षं या घरानं तिथं जहाजं बांधली.

आणि नाव. असई हे जालना जिल्ह्यातलं गाव, आमच्यापासून फार लांब नाही. 23 सप्टेंबर 1803 ला तिथं आर्थर वेलस्लीनं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. इंग्रजांच्या जिभेवर असईचं 'असाये' झालं आणि पन्नास वर्षांनी ते नाव त्यांनी जहाजाला दिलं. असईनंतर लढाई आमच्या अंगणात आली. 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातलं अडगाव, 15 डिसेंबरला गाविलगड. मग 17 डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह आणि 30 डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा. अंजनगाव आमच्या शेजारचा तालुका. माझी बहीण तिथं दिली आहे, महिन्यातून एकदा मी जातो. म्हणून ही बोट मला परकी वाटत नाही. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आमच्या हरण्याचं नाव आहे.

आता लाकूड. नवीन घेऊ नका, जुन्या चौकटीचं घ्या. चाळीस-पन्नास वर्षं भिंतीत राहिलेलं सागवान पूर्ण वाळलेलं असतं, ते पुन्हा वळत नाही. माझ्या दुसऱ्या बोटीसाठी एका वखारीतून 'वाळलेलं आहे' म्हणून फळ्या आणल्या. रंधा मारताना पात्याला छिलका ओला लागत होता, तरी मी घाई केली. चैत्रात बोट तयार झाली आणि वैशाखात नाळेपासून हातभर चीर गेली. सगळं काम फुकट गेलं. लाकूड वाळलं की नाही हे पाहायचं असेल तर त्याच फळीचा वीतभर तुकडा कापून वजन करा, आठ दिवस माळ्यावर ठेवा, पुन्हा वजन करा. वजन उतरलं तर थांबा. पांढरट कडेचं लाकूड टाकून द्या, गाभ्याचंच वापरा. तपकिरी, हाताला किंचित तेलकट लागणारं.

तो तेलकटपणाच या गोष्टीचा जीव आहे, म्हणून पोरांना तो तुकडा हातात द्या. विलायतेतली जहाजं ओकच्या लाकडाची. ओकमध्ये जे आम्ल असतं ते लोखंडी खिळे खातं. सागवानाच्या तेलानं उलट खिळा सांभाळला जातो, आणि समुद्रात लाकूड पोखरणारा किडाही सागाला सहजी धजत नाही. मुंबईच्या गोदीत मलबारचा साग यायचा. 1817 मध्ये तिथंच बांधलेली 'ट्रिंकोमाली' नावाची शिडाची फ्रिगेट, म्हणजे हलकी युद्धनौका, आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. माझ्या आज्यानं बसवलेली दाराची चौकट अजून हलली नाही, आणि तिकडं समुद्रात तोच साग दोनशे वर्षं टिकला. हे पोरांना सांगताना माझा ऊर भरून येतो.

बोटीचं अंग कोरून काढू नका, थर लावून करा. 70 सेंटिमीटर लांब, 10 रुंद आणि 2 जाड अशा चार फळ्या घ्या. लांबी रुंदीच्या सातपट, हे या जातीच्या आगबोटींना शोभणारं माप आहे. त्याहून रुंद केली तर ती डोणी दिसते. पुठ्ठ्यावर अर्ध्याच बोटीचा आकार काढा, मधल्या रेषेवर पुठ्ठा उलटवून दुसरी बाजू आखा, म्हणजे दोन्ही कुशी सारख्या येतात. पुढची नाळ निमुळती आणि धारदार, मागची बाजू थोडी भरलेली. खालची फळी अख्खी ठेवा. वरच्या तिन्ही फळ्यांचा मधला भाग जिगसॉनं काढून टाका, काठ एक सेंटिमीटरचा राहू द्या. मग उतरंड रचतात तसे थर एकावर एक ठेवून, पाण्यात न सुटणारा सरस लावून, शिकंजात एक दिवस आवळून ठेवा. साधा पांढरा सरस वापरलात तर पहिल्याच दिवशी पाण्यात थर सुटतील.

बाहेरून आधी वाकसानं, मग रंध्यानं, शेवटी सँडपेपरनं. रेषेच्या उलट रंधा चालवू नका. नाळेपाशी रेषा बदलते, तिथं दोन्ही बाजूंनी मधल्याकडून टोकाकडे या. तळ खाली निमुळता करत न्या. इथं घाई नको. पुढं या बोटीचं जे नाव झालं ते तिच्या अंगाच्या आकारामुळेच झालं, ते शेवटी सांगतो.

फ्रिगेट म्हणजे काय, हे पोरं इथंच विचारतात. सर्वांत मोठी युद्धनौका नव्हे, तर तिच्याहून हलकी आणि चपळ, लांब गस्तीला जाणारी. शिडाच्या काळात फ्रिगेटच्या दोन्ही कुशींना तोफांची रांग असायची. वाफ आली आणि ती रांग मोडली. का मोडली ते चाक बसवताना तुमचं तुम्हालाच कळेल.

चाक बसवण्याआधी बोट पाण्यात सोडा. गुरांचा हौद असेल तर उत्तम, नाहीतर मोठं टब. आत लागणार असेल तेवढं वजन ठेवा: दोन सेल, खेळण्यातली जुनी मोटर आणि तळाला लावायची लोखंडी पट्टी. पट्टीचं पुढं सांगतो. पाणी जिथं लागतं तिथं पेन्सिलनं रेघ मारा. माझी बोट पाचेक सेंटिमीटर बुडते, तुमची मोजूनच घ्या. आता अर्धा किलोच्या आसपास वाळू चार छोट्या पिशव्यांत भरा आणि दोन्ही कडांना आत ठेवा. हा तुमचा कोळसा. बोट जवळजवळ एक सेंटिमीटर आणखी खाली जाते. ती दुसरी रेघ मारा.

या दोन रेघांत वाफेच्या पहिल्या काळाचं सगळं दुखणं आहे. चाकाची पाती पाण्यात बेताची बुडाली तरच चाक नीट ढकलतं. फार बुडाली तर पाणी वर उचलण्यातच ताकद जाते, कमी बुडाली तर चाक नुसतं फिरतं. आणि बोट तर निघताना कोळशानं भरलेली, पोचताना रिकामी. म्हणजे वाटेत रोज चाकाची खोली बदलणार. 1829 मध्ये मुंबईतच बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही लहान आगबोट 1830 च्या मार्चमध्ये सुएझला निघाली. तिच्या पोटात पाच-साडेपाच दिवसांचा कोळसा मावत होता आणि एडनच लागायचं होतं अकरा दिवसांनी. मग कोळसा मिळेल त्या जागी रचला, खोल्यांतही. बोट इतकी खाली बसली की मागची बाजू पाण्याला टेकायला आली. तरी ती महिनाभरानं सुएझला पोचली. तेवढ्यानं सिद्ध झालं की मुंबईहून तांबड्या समुद्रात वाऱ्याची वाट न पाहता जाता येतं.

तुमच्या नमुन्यात आस दोन्ही रेघांच्या मधल्या पातळीचा विचार करून बसवा. चाक 9 सेंटिमीटर व्यासाचं, दहा पाती, प्रत्येक पातं दीड सेंटिमीटर उंच आणि अडीच रुंद. आस वरच्या रेघेच्या साधारण दोन सेंटिमीटर वर येऊ द्या. आसासाठी सायकलचा स्पोक, आणि तो ज्यात फिरेल त्यासाठी रिकाम्या रिफिलची नळी. बोटीच्या कुशीला भोक गिरमिटानं पाडताना दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडा, एकाच बाजूनं आरपार गेलात तर आस तिरका जातो. जागा बोटीच्या बरोबर मध्यावर, उगीच अर्ध्या बोटानं पुढं चालेल. चाक दोन पातळ चकत्यांचं करा आणि मध्ये पाती चिकटवा. चकतीवर पाती आखायला कोनमापक घ्या, दर 36 अंशांवर एक खूण. अंदाजानं लावलेली पाती चाकाला लंगडं करतात.

चाक बसलं की त्यावर अर्धगोल टोपण येतं. आता तोफा लावायला घ्या. 'असाये'वर 68 पौंडी दहा तोफा होत्या, म्हणजे एकेक गोळा तीस-एकतीस किलोचा. सोयाबीनचं अर्धं पोतं म्हणा. तोफांसाठी मी छत्रीच्या दांडीचे तुकडे घेतले. तुम्ही रांगेनं ठेवत जाल आणि मध्येच थांबाल, कारण कुशीचा ऐन मधला भाग चाकानं खाल्लेला आहे. म्हणून वाफेच्या फ्रिगेटवर तोफा थोड्या आणि जड, शिडाच्या फ्रिगेटवर पुष्कळ आणि हलक्या. नात तेव्हा म्हणाली, "आबा, चाकं बाहीर काऊन लावले? गोळा लागला त बोट जागच्या जागी बसन ना!" सातवीतल्या पोरीला जे दिसलं तीच त्या काळच्या दर्यावर्दींची मोठी चिंता होती. चाक उघड्यावर, आसही पाण्याच्या वर. एक गोळा बसला की इंजिन असून उपयोग नाही.

यावर उपाय निघाला होता: बोटीच्या मागे पाण्याखाली फिरणारा पंखा. 1845 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी पंख्याची 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो' या दोन बोटी पाठीला पाठ लावून दोरानं बांधल्या आणि दोघींना पूर्ण वाफेवर सोडलं. 'रॅटलर'नं 'अलेक्टो'ला मागं ओढत नेलं. दोन बैलजोड्या उलट्या जुंपाव्यात तसा तो प्रकार. मग 1854 मध्येही मुंबईत चाकांच्या बोटी का बांधल्या? चाकाची बोट उथळ पाण्यात सोयीची, आणि कंपनीच्या आरमाराला खाड्या, नद्यांची मुखं, इराणचं आखात असल्या जागी जावं लागायचं. शिवाय बिघाड झाला तर चाक हाताशी होतं, पंखा पाण्याखाली. मला स्वतःला वाटतं, त्या वेळी त्यांनी जुनी वाट सोडायला उशीर केला. पण उथळ पाण्याचं कारण खरं आहे.

मोटर बोटीच्या पोटात, आसाला रबरी पट्ट्यानं जोडा. मोटरवरची चकती लहान आणि आसावरची मोठी, म्हणजे चाक हळू पण जोरानं फिरतं.

इथं एक गोष्ट हात जोडून सांगतो. खऱ्या वाफेवर चालवायच्या नादात बंद डब्याचा बॉयलर घरी करू नका. पोरं व्हिडिओ बघून पत्र्याचा डबा डाखून चुलीवर ठेवतात. कोंडलेली वाफ डबा फोडते आणि पत्र्याचा तुकडा डोळ्यात जातो. आमच्या जवळच्याच गावात एका पोराचा हात असाच भाजला. वाफेची ताकद दाखवायची तर गंजावर झाकण ठेवा, ते थडथडू लागलं की लांबूनच दाखवा. तेवढं पुरतं.

बॉयलरचं काम समजावून सांगायला मात्र आमच्या भागाइतकी चांगली जागा नाही. आमचा हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना विहिरीचं पाणी खारट. आमच्या घरी पाणी तापवायच्या गुंडीत वर्षभरात बोटाच्या पेराएवढा पांढरा थर चढतो. आधी एका फेर लाकडात तापणारं पाणी मग दीड फेर लाकूड मागतं. माझे आजोबा जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, आगवाले होते. कापसाचा हंगाम संपला की बॉयलर थंड करून आत माणूस उतरायचा आणि छिन्नीनं थर खरवडायचा. आजोबा सांगायचे, थर ठेवला तर लोखंड पाण्याला भेटत नाही आणि लाल होऊन बसतं.

'असाये'च्या काळच्या आगबोटींचे बॉयलर समुद्राचंच पाणी घ्यायचे. वाफ होऊन निघून जायची आणि मीठ मागं राहायचं. म्हणून दर काही वेळानं आतलं दाट खारं पाणी तापलेलं असतानाच बाहेर सोडून द्यावं लागे आणि नवं आत घ्यावं लागे. त्यासोबत कोळशाची आचही समुद्रात जायची. गोड्या पाण्यावरच्या इंजिनाला हा खर्च नाही. प्रदर्शनात मी बोटीशेजारी आमची ती गुंडी मांडतो, आडवी, तोंड पाहणाऱ्याकडं. लोक आधी गुंडीतच डोकावतात आणि मग बोटीकडं वळतात. तुमच्या गावचं पाणी गोड असेल तर खारपाणपट्ट्यातल्या पाहुण्यांकडून मागून आणा.

आता डोलकाठ्या. तीन लावा. वाफ आली म्हणून शिडं गेली नाहीत, कारण एवढा कोळसा जाळून दूरवर जाणं परवडत नव्हतं. वारा असला की शिडं उभारायची आणि आग मंद करायची. पण मग स्थिर चाकं पाण्यात अडायची, ब्रेक लावल्यासारखी. त्यासाठी काही बोटींत चाक इंजिनापासून सोडवता यायचं, काहींत खालची पातीच काढून ठेवायचे. वेळूच्या कामट्या तासून डोलकाठ्या करा, मधली सर्वांत उंच, तिची उंची बोटीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त नको. खरीची याहून उंच असते, पण पाण्यावर खरोखर चालवायची असेल तर माझं ऐका.

मी पहिल्या बोटीला भरगच्च उंच काठ्या दिल्या होत्या. शेजारच्या शेततळ्यावर अर्धं गाव जमलं. बोट दहा हात गेली, चाकं छान वाजत होती, तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि ती कुशीवर झोपली. नात रडली. मी पाण्यात उतरून बोट काढली, त्याच संध्याकाळी घरी येऊन तळाला लोखंडी पट्टी लावली. 40 सेंटिमीटर लांब, तीन रुंद, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, बाहेरून, बरोबर मधल्या रेषेवर, पितळी स्क्रूनं. आत वजन ठेवण्यापेक्षा बाहेर खाली लावलेलं जास्त धरतं. काठ्याही बोटभर कापल्या. दुसऱ्या दिवशी त्याच वाऱ्यात ती तळं पार करून गेली.

शिडांना जुनं सुती धोतर वापरा, पॉलिस्टर नको. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं की रंग खरा दिसतो. दोऱ्या कापसाच्या, मेण लावलेल्या.

सगळं झालं की जवसाचं तेल. जवस आपल्याकडं पिकतो, घाणीवरचं ताजं तेल घ्या. सुती फडक्यानं पातळ हात मारा, अर्ध्या तासानं पुसून घ्या, तीन-चार दिवस सुकू द्या, असं तीनदा. रंग देऊ नका, सागवानाची रेषा झाकली जाते. तेलाचं फडकं मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ते दोरीवर पसरून वाळवा.

बोट झाली, आता सांगायचं कसं. काही शाळांत पोरं पाठ केल्यासारखी सालं म्हणून दाखवतात. तसं करू नका. एकेका वस्तूला हात लावत सांगा. आधी नाळेवरचं नाव, मग लाकूड, मग चाक, मग गुंडी. प्रत्येक वस्तूपाशी एकच गोष्ट.

नावापाशी प्रश्न येतोच. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या बाबांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "इंग्रजाची बोट कायले केली रे बाप्पा? आपल्याले मारणाऱ्याची?" मी त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं. बाबा, नाव त्यांनी दिलं. साग मलबारचा, बांधणारे मुंबईचे, गोदीतले सुतार आणि लोहार इथले. आपलेच हात आपल्याच पराभवाचं नाव घेऊन जहाज घडवत होते, हे पोरांना माहीत नको का? बाबा बराच वेळ बोटीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "काम पक्कं हाय." दुसरं काही बोलले नाहीत. नाव पुसून बोट दाखवू नका. त्या नावासकट दाखवा आणि असई, अडगाव, गाविलगड, अंजनगाव यांचा एक साधा नकाशा मागं लावा.

ती काय काम करत होती तेही लपवू नका. 10 डिसेंबर 1856 ला इराणच्या बुशहर बंदरावर इंग्रजांनी तोफा चालवल्या, त्यात 'असाये' होती. त्या लढाईशी आपल्या लोकांचं काहीही देणंघेणं नव्हतं. जहाज सुंदर होतं आणि ते दुसऱ्याच्या घरावर गोळे टाकत होतं. दोन्ही खरं आहे, दोन्ही सांगा.

पुढं 1863 मध्ये कंपनीच्या काळचं ते आरमारच मोडलं. चाकं काढून पंखा बसवायचा म्हणून दोन्ही बोटी इंग्लंडला गेल्या होत्या, तिथंच विकल्या गेल्या. घेणाऱ्याचं नाव जॉन विलिस, लंडनचा जहाजमालक. त्यानं 'पंजाब'चं इंजिन काढलं, चाकं काढली आणि नुसती शिडं ठेवून तिचं नाव 'ट्वीड' केलं. पोरांना हे उलटं वाटतं. वाफेवरून शिडाकडे? पण सागवानी अंग नव्यासारखं होतं. ती अशी पळाली की विलिसनं 1869 मध्ये नवी बोट बांधायला घेतली तेव्हा 'ट्वीड'च्या नाळेचा आकार समोर ठेवायला लावला. ती नवी बोट म्हणजे 'कटी सार्क', आज लंडनला ग्रिनिचमध्ये ठेवली आहे आणि जगभरचे लोक ती पाहायला जातात. रंधा मारताना नाळेपाशी घाई करू नका म्हटलं ते यासाठी.

इथं आमच्या वऱ्हाडचा धागा येतो. 1864 मध्ये इराणच्या आखातात समुद्राच्या तळाशी तार टाकली गेली. ती तार विलायतेहून शिडांच्या पाच जहाजांनी आणली आणि त्यांत 'असाये'ही होती, 'ट्वीड'ही होती. 1865 पासून हिंदुस्थान आणि युरोप तारेनं जोडले गेले. नेमके ते दिवस अमेरिकेतल्या यादवीचे. तिकडचा कापूस बंद पडला होता, मँचेस्टरकडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता आणि वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. लिव्हरपूलच्या कापूस बाजाराचा भाव आधी महिन्यानं कळायचा, आता तारेनं कळू लागला. ज्या बोटीच्या नावात आपला पराभव, तिच्याच पोटातून ती तार आली. जिनिंगसमोर भाव विचारत उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगितलं की तो बोटीजवळ सरकतो. मी पाहिलं आहे.

'असाये'चा शेवट लवकर झाला. 1865 मध्ये मुंबईहून लिव्हरपूलला जाताना आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ती खडकांत फुटली. 'ट्वीड' मात्र 1888 पर्यंत चालली. वादळात तिच्या डोलकाठ्या गेल्या, तिला आफ्रिकेच्या टोकाजवळच्या अल्गोआ उपसागरात आणून मोडलं आणि तिचं लाकूड पोर्ट एलिझाबेथच्या एका चर्चच्या छपराला लागलं, अशी नोंद आहे. मुंबईत तासलेला साग छपराखाली गेला, हे मला सुतार म्हणून फार बरं वाटतं. हे सांगताना मी बोटीचा उरलेला एक सागाचा तुकडा पोरांत फिरवतो. वास घ्यायला सांगतो.

प्रदर्शनाला बोट नेताना डोलकाठ्या काढून वेगळ्या बांधा, म्हणून त्या कधी चिकटवू नका, भोकात घट्ट बसतील एवढ्याच ठेवा. खोक्यात खाली गवत, वर सरकीसकटचा कापूस. एसटीत खोकं वरच्या कप्प्यात टाकू नका, मांडीवर घ्या. आणि बोट कधी एका कुशीवर आडवी ठेवू नका. सगळं वजन चाकावर येतं, आस वाकतो आणि एकदा वाकलेला स्पोक कितीही ठोकला तरी सरळ फिरत नाही. मोटरचे सेल काढून खिशात ठेवा.